उजवी बाजू अर्धा इंच

मला अंदाज या शब्दाची चीड आहे. एकवीस वर्षं मी अलायन्स गावच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळतोय. गहू घेऊन येणारा प्रत्येक जण ट्रकमधून उतरायच्या आत मला आपला अंदाज सांगतो आणि प्रत्येक जण चुकतो. म्हणून पिकअपचं नाक वर घ्यायचं ठरलं तेव्हा पाना नंतर उचलला, टेप आधी काढली.

पिकअप माझ्या मुलीसाठी घेतली होती. ब्रिन एकोणीस वर्षांची, स्कॉट्सब्लफला नर्सिंग शिकते. जायला पंचावन्न मैल, यायला पंचावन्न. पश्चिम नेब्रास्कात बर्फ साचला की छोट्या गाडीचं पोट बर्फाला टेकतं, त्यामुळे पोरगी एकटी या रस्त्यावर जाणार म्हटल्यावर माझ्या जिवाला घोर होता. पिकअप लिलावातली. रॉयस टिम नावाचा म्हातारा शेतकरी वारला, त्याच्या सामानात ती निघाली. जुनी, पण इंजिन ठणठणीत. फक्त पुढून खाली झुकलेली, रागावलेल्या बैलासारखी. मी लेव्हलिंग किट मागवलं. किट म्हणजे काय, तर पुढच्या दोन शॉकअपच्या डोक्यावर बसवायच्या दोन लोखंडी चकत्या. त्या बसवल्या की नाक दोन इंच वर येतं.

ऑक्टोबरचा शनिवार होता. हवा कोरडी, आमच्या शेडच्या दारातून ऊन थेट आत आलेलं. शेजारचा गस हेबरमन कॉफीचा मग घेऊन आला आणि उलट्या बादलीवर बसला. गस चाळीस वर्षं मेकॅनिक होता. आता गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मी चारही कोपऱ्यांवर घेतलं आणि कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर आकडे लिहिले.

"लेका एमेट, हौद्यातली वाळूची पोती काढलीस का?" गस म्हणाला.

काढली नव्हती. हिवाळ्यात चाकं घसरू नयेत म्हणून इथे सगळेच मागे वाळूची पोती टाकतात. टिमची सहा पोती तशीच पडून होती.

"वा! काट्यावरचा माणूस म्हणे!" गस इतका हसला की त्याची कॉफी सांडली.

मी मुकाट्याने पोती उतरवली आणि पुन्हा मोजलं. पुढे दोन्हीकडे सव्वावीस इंच. डावी-उजवी तंतोतंत सारखी. जुन्या गाडीत असं कधी होत नाही, पण मला बरंच वाटलं.

डावी बाजू दीड तासात उरकली. जॅक लावला, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाक काढलं, शॉकअप उतरवला, चकती बसवली, परत चढवला. मग उजवीकडे गेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. तिथला शॉकअप खाली घेतला तर त्याच्या डोक्यावर आधीच एक चकती होती. घरी कापलेली, कडा कानशीने घासलेल्या, गंज चढलेली. फक्त या एकाच बाजूला.

"हे कुणी केलं?"

"टिमनेच. दुसरा कोण हात लावणार त्याच्या गाडीला?" गसने चकती हातात घेऊन फिरवली. "नीट केलंय रे. मोजून केलंय."

"एका बाजूला कशाला पण?"

गसने चकती मला परत दिली. "विचित्र होता म्हातारा. शेजारच्या सीटवर कुणाला बसू द्यायचा नाही. जानेवारीत मी एकदा लिफ्ट मागितली, तर मला हौद्यात बस म्हणाला. आत जागा रिकामी, आणि मी मागे कुडकुडत. डोक्यावर परिणाम झाला होता, दुसरं काय!"

मी ती चकती भंगाराच्या डब्यात फेकली. मला दोन्ही बाजू सारख्या लागतात. किटची नवी, चकचकीत चकती बसवली, सगळे नट मापाने आवळले, गाडी खाली घेतली आणि टेप लावली.

डावी सव्वाबावीस. उजवी पावणेबावीस.

"उजवी स्प्रिंग दमलीय," मी म्हणालो. "म्हणून त्याने टेकू दिला होता."

"असेल," गस म्हणाला. घरी जाताना त्याने मात्र गाडीला लांबून वळसा घातला.

सोमवारी मी ती पिकअप घेऊन कामावर गेलो. संध्याकाळी गस कुंपणापाशी आला. तोंड फुगलेलं.

"तुझ्याबरोबर तो आगाऊ कोण होता रे?"

"कुठे?"

"सकाळी, शाळेच्या चौकात. मी हात केला, तू नेहमीसारखं स्टिअरिंगवरून बोट उचललंस. शेजारच्याने ढुंकूनही पाहिलं नाही. समोर बघत ताठ बसलेला. इथला दिसत नाही."

आमच्याकडे समोरून सैतान आला तरी लोक बोट उचलून नमस्कार करतात. मी म्हणालो, "गस, मी एकटा होतो."

गसने माझ्याकडे पाहिलं, मग पिकअपकडे. "ऊन होतं काचेवर," असं पुटपुटत तो निघून गेला.

मी तडक शेडमध्ये गेलो, ती जुनी चकती शोधायला. पण भंगारवाल्याने डबा दुपारीच रिकामा केला होता. मला राग आला तो गसचा. नंतर, जेवताना, भीती वाटली. जोलीनने, माझ्या बायकोने, चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल केले होते. मी रोल नुसता कुसकरत बसलो. ब्रिन सांगत होती की उद्या दुपारपासून पिकअप तिची. आईची नवी गाडी घेऊन ती कोठारावर येणार, माझ्याकडून किल्ली घेणार आणि आईची गाडी माझ्याकडे ठेवून थेट कॉलेजला जाणार.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय ग."

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी पिकअप काट्यावर घातली. टिमने ही गाडी नवी घेतली तेव्हा आमच्याच काट्यावर घातली होती, ती नोंद जुन्या वहीत सापडली. रिकामी, टाकी भरलेली: पाच हजार एकशे वीस पौंड.  आता किटचं वजन धरा नऊ पौंड. काटा वीस-वीसने मोजतो, म्हणजे फार तर एकशे चाळीस.

टाकी येतानाच भरली होती. मी खाली उतरलो, काट्यावरून बाहेर आलो आणि वरच्या बोर्डाकडे पाहिलं.

पाच हजार तीनशे.

हौदा पाहिला. सीटखाली पाहिलं. गाडी खाली घेतली, काटा शून्यावर आला. तपासणीची वजनं ठेवून पाहिली, बरोबर. गाडी परत चढवली.

पाच हजार तीनशे.

स्प्रिंग दमली म्हणून वजन वाढत नाही. टिमची स्प्रिंग दमलेली नव्हती. टिमने कुणाच्या तरी वजनाला टेकू दिला होता, आणि तो टेकू मी काढला होता. पावणेदोनशे पौंडांचा मोठा माणूस. माझ्या पोरीच्या शेजारी, पंचावन्न मैल जायला, पंचावन्न यायला.

 तरी मी काट्यावर चढलो. बोर्डावर पाच हजार पाचशे झाले, माझे दोनशे धरून. उजवीकडचं दार उघडलं. सीट रिकामी होती. कापडावर मधोमध खोलगट खळगा होता. आतली हवा थंड होती आणि तिला ओल्या लोकरीचा वास येत होता.

"उतर," मी म्हणालो.

स्वतःचाच आवाज ऐकून मला लाज वाटली. काही झालं नाही. वारा कोठाराच्या पत्र्यावर खडखडत राहिला.

"ऐकू येत नाही का? माझ्या मुलीची गाडी आहे. उतर खाली!"

मागे हॉर्न वाजला. मी जागच्या जागी उडालो. ब्रिन जोलीनची गाडी काट्याला लागून उभी करून उतरत होती.

"बाबा, कुणाशी भांडताय?"

"कुणाशी नाही. ब्रिन, पिकअप आज नको. आईचीच गाडी ने."

"का पण? तुम्ही प्रॉमिस केलं होतं!"

"स्प्रिंग खराब आहे. रस्त्यात दगा देईल."

"कालपर्यंत तर ठणठणीत होती!"

"एकदा नाही म्हटलं ना!"

मी असा तिच्यावर कधी ओरडत नाही. तिचे डोळे भरून आले. ती वळली, दार आपटून बसली आणि खडी उडवत निघून गेली. मी ती गाडी हायवेला लागेपर्यंत पाहत राहिलो. मला वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, खरं सांगतो.

मग काट्यावरून खाली आलो आणि सवयीने बोर्डाकडे पाहिलं.

पाच हजार एकशे वीस.

डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एकशे वीसच. टेप आणली. डावी सव्वाबावीस, उजवी सव्वाबावीस. मी तिथल्या तिथे मोठ्याने हसलो. गेला! माझं ऐकून उतरला बिचारा! पोरीला उगाच रडवलं म्हणून मी फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. आवाज अजून रुसलेला. मागे काहीतरी टुणटुण वाजत होतं.

"ब्रिन, चुकलं माझं. पिकअप तुझीच. उद्या घेऊन जा."

"बघा हं, आता बदलू नका!" ती हसली. "आणि ही काय कटकट आहे हो आईच्या गाडीची? निघाल्यापासून टुणटुण करतेय."

जोलीनची गाडी नवी आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलं की पट्टा लावेपर्यंत ती गप्प बसत नाही.

"सीटवर काय ठेवलंयस?"

"काही नाही. बॅग मागे आहे."

"ब्रिन," मी म्हणालो, "गाडी कडेला घे. आत्ता."

"का? काय झालं?"

फोनमध्ये टुणटुण चालू होती. मग पट्टा सरकल्याची सरसर आली आणि खट्.

टुणटुण थांबली.