सुरंगीखालचं गाऱ्हाणं

कंदील जरा मोठा करा, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गुणाजी माळी माझा दोस्त. त्याला खोटं रचून सांगायची अक्कलच नव्हती, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सत्तावन्न साल. शिमगा आटोपलेला, फाल्गुन वद्य अष्टमीची रात्र. गुणाजी मसुऱ्याहून देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या परशुराम गावकराला घेऊन आला. संस्थानच्या बागेत गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे राखणदाराला नारळ ठेवून साकडं.

तुम्ही जिथे आईसफ्रूट खाता ना, तीच बाग. राजाने ती घाटावरून आणलेल्या राणीसाठी लावली होती. मधे कारंजं, पलीकडे हरणांचं कुंपण, शनिवारी संध्याकाळी संस्थानचा बँड. आणि तळ्याकाठी उंच उंच सुरंगी. सुरंगीची कळी ऊन लागायच्या आत काढावी लागते, म्हणून बायका पहाटे अंधारातच शिडी लावून चढतात. त्या बागेत फुलं काढायचा हा मान राणीने सत्यवती नावाच्या बाईच्या घराला दिलेला. पहिली टोपली देवीला, बाकीची त्यांची.

पुढे संस्थान गेलं. फुलांचा लिलाव झाला आणि भाई कंत्राटदार आला. सत्यवती नेहमीसारखी झाडावर चढली होती. या शहाण्याने खालून शिडी काढून नेली. उजाडल्यावर लोकांनी तिला चोर म्हणून बघावं, एवढ्यासाठी. ती तशीच उतरायला गेली, पडली आणि मेली. शिडीचं तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. चोरी करताना पडली, असं हा गावभर सांगत सुटला. तिच्या लेकीला, यशोदाला, कोणी दारात उभं करेना. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

त्यानंतर त्या झाडावर एकही बाई चढेना. वर कोणीतरी बसलंय, म्हणायच्या. भाईचा हंगाम बुडायला लागला, म्हणून हे गाऱ्हाणं. मेलेलीचं माणूस हवं, म्हणून गावकराने यशोदालाही बोलावलं होतं.

झाडाखाली नारळ ठेवला. गुणाजीने झावळांची पेटती चूड धरली. परशुरामाने भाईने सांगितलं तसंच गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, ह्या बागेच्या राखणदारा, हो भाई कंत्राटदार आज तुका नारळ ठेयता."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"चोरी करूक इलल्या बायेचो हय जीव गेलो. तेचो तरास कोणाक होव नये, असां कर रे म्हाराजा."

"व्हय म्हा…"

"नाय म्हाराजा."

बाईचा आवाज होता. वरून आलेला.

यशोदाने तोंडावर हात दाबला. बोलली ती नव्हती.

चूड विझली.

गुणाजीने काडी ओढून चूड पुन्हा पेटवली. परशुराम होता. यशोदा होती. भाई… नव्हता.

मग वर कोणीतरी कण्हलं. शेंड्याला भाई. फांदी मिठीत धरलेली. तिथे शिडीशिवाय चढता येत नाही, आणि शिडी कोणी आणलीच नव्हती.

परशुराम घाबरला होता, पण गावकर तो गावकर. म्हणाला, "भाई, गाऱ्हाण्यात खोटां घातलंस. आता तरी खरां सांग."



फांदी करकरली.

"शिडी मिया काढलंय… ती चोर नव्हती. मान तिचोच होतो."

यशोदा रडत खोडाशी गेली. तिला तेवढंच हवं होतं. आईच्या नावावरचा डाग गेला होता.

"आये गे, आयकलंस मां? सोड आता तेका."



सगळे वाट बघत राहिले.

"नाय," वरून आलं. अगदी हळू.

भाई पडला. गुणाजी सांगायचा, पडताना तो ओरडला नाही.

उजाडल्यावर पोलीसपाटील आला. भाईची उजवी मूठ घट्ट मिटलेली. दोघांनी मिळून ती उघडली. आत सुरंगीचा गजरा होता, नुकताच केलेला. दोरा नव्हता त्याला. बाईच्या लांब केसात ओवला होता.