वेशीत मुका झालेला बँड

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. ही ऐकीव गोष्ट नाही. त्या बँडमध्ये मी स्वतः ट्रंपेट वाजवत होतो.

सन १९७१, वैशाख महिना. दिवस अजून मावळला नव्हता. कन्नडच्या अलीकडचं एक गाव. नाव सांगणार नाही. तिथं अजून माणसं राहतात.

आमचा बँड औरंगाबादचा, म्हणजे आताच्या संभाजीनगरचा. मास्तर लालामियाँ क्लॅरिनेट वाजवायचे. उरसात कव्वाली, जत्रेत गोंधळ, लग्नात सिनेमाची गाणी, मयताला भजन... त्यांना सगळं यायचं.

त्या दिवशी सरूबाईच्या पोराचं लग्न होतं. मेंढरं राखणारं घर. नवरदेव घोड्यावर.

गावाच्या वेशीपाशी वरात अडली.

जुनी दगडी वेस. वर एक खोली. निजामाच्या काळात तिथं गावचे मालक काकासाहेब हातात काठी घेऊन बसायचे. त्यांच्या घरच्याखेरीज कुणाची वरात वेशीतून वाजत जायची नाही, असा त्यांचा हुकूम.

पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला. काकासाहेबही वारले. तरी त्या वेशीत कुणी वाजवत नव्हतं.

"वाजतच नाय तिथं," एक म्हातारा म्हणाला. "गुमान पायी जा."

सरूबाई पुढं आली.

"माझ्या नवऱ्याची वरात मुकी गेली हितून. माझं पोर वाजत जाईल. वाजवा वो मास्तर!"

लालामियाँ माझ्याकडं बघून हसले. "बजाव रे बन्सी! जोर से!"

आम्ही वेशीत शिरलो...

आणि आवाज गेला.

माझे गाल फुगलेले. फुंक आत जात होती. ढोलाचं कातडं थरथरताना दिसत होतं. पण आवाज नाही. घोड्याच्या टापांचासुद्धा नाही.

मला वाटलं, माझे कानच गेले.

मग वरच्या खोलीतून आलं...

ठक.

काठीचा आवाज.

ठक... ठक...

तेवढंच ऐकू येत होतं. खोलीला तर बाहेरून कुलूप होतं.

वरातीतले काहीजण मागं पळाले. लालामियाँनी मानेनं खुणावलं, थांबू नका. त्यांनी चाल बदलली. कव्वाली धरली. मग गोंधळ. त्यांची बोटं बघून आम्ही ओळखत होतो. काहीच उमटेना.

काठी आता जिन्यावर होती...

मग ती माझ्याजवळ येऊन थांबली.

माझी फुंक कशाला तरी अडली. ट्रंपेटच्या तोंडावर कुणीतरी तळवा दाबला होता.

समोर कुणीच नव्हतं.

हातातलं पितळ गार पडत चाललं. सगळं टाकून पळावं वाटलं. तेवढ्यात सरूबाई माझ्यासमोर आली. ट्रंपेटपुढच्या रिकाम्या जागेकडं तिनं रोखून पाहिलं. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, तरी मला कळलं.

"काढ हात!"

मी डोळे मिटून फुंकलं. ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली. तरी फुंकलं. लालामियाँनी आता धनगरी ढोलाची चाल धरली होती...

आणि एकदम सगळा बँड कानावर आदळला!

बाहेर पडलो. सरूबाई घोड्याचा लगाम धरून उभी.

"फिरा मागं," ती म्हणाली. "अजून एक डाव."

आम्ही फिरलो. दिवेलागणीपर्यंत त्या वेशीतून वाजवत जात-येत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालामियाँना बोलता येईना. दवाखाना झाला, दर्गा झाला. घशात काही दोष नाही, डॉक्टर म्हणाले. मास्तर पुन्हा कधी बोलले नाहीत. पण जीव असेपर्यंत त्या गावची एकही सुपारी त्यांनी नाकारली नाही.

पुढं ती वेस रस्त्यात गेली. मी आता शहरात, गारखेड्यात मुलाकडं असतो.

पण कधीकधी भर दुपारी पंखा फिरताना दिसतो आणि ऐकू येत नाही. कुकर नाही, रस्त्यावरच्या गाड्या नाहीत... काहीच नाही.

तेव्हा मी उठून उभा राहतो आणि जोरात टाळी वाजवतो. सून हसते. हसू दे.

आवाज परत येतो...

बहुतेक वेळा पहिल्याच टाळीला.