सावली पायाशी

२०६३ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. रत्नागिरीजवळच्या भूगोल केंद्रातून तेव्हा जगात कुठेही दोन तासांत पोहोचता येई. पण तातडीचे यान एकच होते.

बारा वर्षांच्या ऋजुताची कुमुदआत्या जगभरचे नैसर्गिक प्रदेश (सारखे हवामान आणि सारख्या वनस्पती असलेले भूभाग) बघत हिंडायची आणि भाचीला रोज संदेश पाठवायची. तिची एक खोड होती. ठिकाणाचे नाव ती आधी कधीच सांगत नसे, कुणालाच. झाडे, माती, थंडी सांगायची. नाव ऋजुताने ओळखायचे.

एकवीस तारखेला ऋजुता केंद्रातच होती. दुपारी तीन वाजता संदेश आला.

"ऋजू, इथे आत्ता बरोब्बर भरदुपार आहे. झाड एकही नाही. खडकांवर दगडफूल, खाली शेवाळ. पहाटे पाणी गोठलं होतं. माझी सावली अगदी पायाशी पडलीय. ओळख बघू."

मग दगड गडगडल्याचा आवाज आला. आत्या कण्हत म्हणाली, की पाय मोडला आहे, ठिकाण कळवणाऱ्या यंत्रासकट यान दरीत घसरले आहे आणि अंगातला उबदार पोशाख जेमतेम चार तास पुरेल. ठिकाणाचे नाव सांगायच्या आतच नुसती खरखर.

नोंद्या नावाच्या यंत्रमानवाने लगेच उत्तर काढले: टुंड्रा (उत्तर ध्रुवाजवळचा, झाडे न वाढणारा गारठलेला प्रदेश). चालक केरूमामा उत्तरेकडे निघायला यानात चढलेसुद्धा. ऋजुताला काहीतरी जुळत नव्हते. ती यानाच्या दारात आडवी उभी राहिली.

"मामा, टुंड्रात सूर्य डोक्यावर येतच नाही. सावली लांबच लांब पडते. आज एकवीस मार्च. आज सूर्य विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या मधोमध कल्पिलेली रेषा) बरोबर डोक्यावर असतो. भरदुपारी सावली पायाशी म्हणजे आत्या तिथेच कुठेतरी आहे."

"तिथे घाम फुटतो, ताई," नोंद्या म्हणाला. "पाणी गोठत नाही."

हे खरे होते. मिनिटे चालली होती. मग ऋजुताला आंबाघाट आठवला. खाली घामाघूम झालेली ती वर पोहोचल्यावर स्वेटर मागत होती. दर किलोमीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याशी सत्तावीस अंश असतील, तर चार किलोमीटरवर उरतो एक. म्हणजे एकाच पर्वताच्या पायथ्याशी घनदाट जंगल आणि माथ्याजवळ टुंड्रासारखी ओसाड थंडी.

पण पर्वत कोणता? इथे तीन वाजले तेव्हा तिथे बारा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. भारताची वेळ ज्या रेखावृत्तावरून (उत्तर-दक्षिण कल्पिलेली रेषा) मोजतात, तिथून पंचेचाळीस अंश पश्चिमेला ऋजुताने नकाशावर बोट नेले. बोटाखाली माउंट केनिया होता.

"चुकलीस तर दुसरी फेरी नाही, पोरी," केरूमामा म्हणाले.

"माहितीय."

पुढचे अडीच तास तिने पाणीसुद्धा प्यायले नाही. मग मामांचा निरोप आला: सापडल्या, ओठ निळे पडलेत, पण उशीर केला म्हणून माझ्यावरच डाफरतायत.

कुमुदआत्या पुढे काठी घेऊन हिंडली आणि प्रत्येक संदेशात आधी ठिकाणाचे नाव सांगू लागली. केरूमामांनी निवृत्त होऊन गुहागरला नारळ लावले. नोंद्या वनस्पतींबरोबर सूर्यही तपासायला शिकला. ऋजुता पर्वतांची अभ्यासक झाली. हवा तापते तशी जंगले डोंगरांवर वर सरकतात. त्यांची वाट मोकळी ठेवण्याचे काम ती अजून करते. गेल्या वर्षी जंगलाच्या जुन्या सीमेपासून बारा मीटर वर तिला एक रोपटे दिसले. ते कुणी लावलेले नव्हते.