कडीपर्यंतची रेघ

या गल्लीत माझ्याइतका निधड्या छातीचा माणूस झाला नाही. भूत म्हणा, सावली म्हणा, रिकाम्या घरातला आवाज म्हणा, आपण कशाला म्हणून घाबरलो नाही आजवर. पाल सोडून. आणि इंजेक्शन सोडून. आणि खरं सांगायचं तर तुमच्या आजीने आतून पूर्ण नावाने हाक मारली की माझे पाय लटपटतात, पण ते राहू दे.

बसा. ए लांबोडी, तू दारापासून आत सरक. दिवा नका लावू. फोन पालथे घाला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मी हसू देणार नाही.

गोष्ट माझी नाही. कोपऱ्यावरच्या फिजिओ ताईची आहे. तुम्ही तिला ताई म्हणता, मी डॉक्टरीणबाई म्हणतो. ती म्हणते, "काका, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे." मी म्हणतो, एवढा मोठा शब्द उच्चारून माझी मान लचकली तर तीही तूच बघशील ना? पोरगी गुणी. ओला टॉवेल पिळावा तसा माणूस पिळते आणि वर विचारते, बरं वाटतंय ना? चाळीस वर्षं भिंती रंगवून माझा उजवा खांदा पार आखडलाय. शर्ट घालायला दोन माणसं लागतात. हल्ली कामावर खांद्याखालचा रंग माझा आणि वरचा माझ्या जोडीदाराचा.

तर तिच्याकडे माझ्यासारखंच आणखी एक गिऱ्हाईक होतं. मोठ्या बाई. इथून तिसरं घर. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, एकट्याच राहायच्या, मुलगा परदेशात. मी कुठल्या दुकानाची पाटी रंगवत असलो की खाली उभ्या राहून माझ्या वेलांट्या सुधारायच्या. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातली सातवी दोनदा. मी मुद्दाम चुकीची वेलांटी काढायचो, त्या थांबाव्यात म्हणून.

बाईंचाही उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. डावा लहानपणीच कोपरात मोडून वाकडा बसलेला. त्यामुळे झालं काय, की पुढच्या दाराची वरची कडी त्यांना लावता येईना. आणि वरची कडी लावल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. म्हणायच्या, "खालची कडी पाहुण्यांसाठी असते, वरची चोरांसाठी."

ताई घरी जाऊन व्यायाम घ्यायची. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. टक, टक, टक. बोटं जिथे अडतील तिथे ताई पेन्सिलीने रेघ ओढायची, पुढे तारीख. दाराशेजारीच, कडीकडे चढत जाणाऱ्या रेघा. पेन्सिल तिथेच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली. बाई स्वतः कधी रेघ ओढायच्या नाहीत. "आपला पेपर आपण तपासायचा नसतो," म्हणायच्या. ताईने "बस, छान" म्हटल्याशिवाय हात खाली घ्यायच्या नाहीत, आणि घेतला तरी धप्पकन नाही. हळूहळू, एकेक रेघ उतरत. ताईनेच तसं शिकवलेलं.

तीन महिन्यांत बावीस रेघा झाल्या. बाविसावी कडीच्या चार बोटं खाली.

अकरा फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी सात वाजता बाईंचा ताईला फोन. "आज मी कडीला बोट लावलं! या, रेघ ओढा."

ताई म्हणाली, "वा! येतेच. मी येईपर्यंत थांबू नका हं, चालू ठेवा."

दिवसातून तीस वेळा म्हणते ती हे. सवयीचं वाक्य. त्या दिवशी तिचे नऊ पेशंट झाले होते, पायांचे ओंडके झालेले. म्हणाली, उद्या जाऊ. घरी गेली, जेवली, झोपली.

सकाळी कामवाल्या मावशींनी आपल्या किल्लीने दार उघडलं. वरची कडी लावलेली नव्हती, म्हणून उघडलं. बाई दाराजवळच्या खुर्चीत होत्या. गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, रात्री कधीतरी. कुणाचा दोष नाही.

फक्त उजवा हात मांडीवर नव्हता. भिंतीला टेकलेला होता.

...

आठ दिवस गेले. मुलगा आला, सगळं उरकलं, घर विकायचं ठरलं. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेला. काका, रंग मारून ठेवा. मी सामान खोलीच्या मध्ये ओढलं, वर चादरी टाकल्या, पुढच्या खोलीतला दिवा काढून ठेवला.

गुरुवार, एकोणीस तारीख. रात्री नऊला दहा कमी. दवाखाना बंद करून ताई माझ्या दारात.

"काका, मोठ्या बाईंकडे माझी पुली राहिलीय. उद्या तुम्ही रंगाचं काम काढाल, त्याआधी घेऊन येते."

पुली म्हणजे काही नाही, दाराच्या वर अडकवायची कप्पी आणि दोरी. खांदा सुटायला ओढत बसायचं.

आणि माझी जीभ! किल्ली तिच्या हातात ठेवता ठेवता म्हणालो, "जा. पण मोठ्या बाईंनी उशिरा आल्याबद्दल अंगठे धरायला लावलं तर मला हाक मारू नकोस."

ती हसली नाही.

इथून पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगतो. एक शब्द वाढवत नाही.

कुलूप उघडून ती आत गेली. मागे दार आपोआप लागलं, ते तसं लागतंच. फोनच्या उजेडात आतल्या खोलीपर्यंत गेली, स्टुलावर चढून पुली काढली, दोरी गुंडाळली. दोन मिनिटांचं काम. स्टूल घेऊन परत पुढच्या खोलीत आली आणि उजेड दाराशेजारच्या भिंतीवर पडला.

बावीस रेघा. तिच्याच हातच्या.

बाविसाव्या रेघेच्या वर कोरी भिंत, आणि मग कडी. ती बघत राहिली. मनात आलं, पाच मिनिटांचं तर काम होतं. घराच्या वाटेवरच तर होतं. तिने फोन स्टुलावर ठेवला, उजेड छताकडे करून, आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं, बाई."

टक.

तिला वाटलं, पाल.

टक... टक...

आवाज भिंतीतून येत होता. खालून. कमरेच्या उंचीवरून. मग जरा वर. नखाचा नव्हता. बोटाच्या पेराचा होता. हा आवाज ती रोज ऐकते, तिला नाही कळणार तर कुणाला?

टक.

पहिली रेघ ओलांडली. दुसरी. तिचं तोंड आपोआप मोजायला लागलं. सवय. सात... आठ... भिंतीवर काही नाही. नुसती भिंत. पंधरा... सोळा...

बावीस.

थांबलं.

घरात एवढी शांतता, की दोऱ्याला लटकलेली पेन्सिल भिंतीला घासली ते ऐकू आलं. वारा नव्हता.

मग तिच्या उजव्या हातावर... हात आला.

मागून. गार. पातळ कातडीचा. मधल्या बोटाच्या पेरावर गाठ. ती ओरडली असती, पण हात ओळखीचा होता. तीन महिने धरलेला. तिच्या पंज्यावर पंजा बसला, बोटावर बोट, आणि तिचा हात भिंतीला लागला.

आणि चढायला लागला.

टक. टक. टक. आता तिची स्वतःची बोटं. ती मागे खेचत होती, बोटं पुढे जात होती. बाविसावी रेघ गेली. कोरी भिंत. कडी. चार बोटांनी कडी धरली.

करर्र...

कडी लागली.

आतून. आणि ती आत.

वाटलं, झालं. एवढंच हवं होतं. आता सोडतील.

हात सोडेना. अजून वर. कडीच्या वर. टाचा उचलल्या गेल्या. मग चवडे. खांदा ताणला. आपला खांदा किती जातो आणि कुठे निखळतो, हे तिला अंशात माहीत. थोडंच उरलं होतं. तो हात निखळला की तिचा धंदा संपला, हेही माहीत. डोळ्यांतून पाणी. तोंडातून आवाज नाही.

का थांबत नाहीत...

का थांबत...

मी येईपर्यंत थांबू नका.

कुठून बळ आलं देव जाणे. रोज म्हणते तेच ती म्हणाली. "बस... बाई. छान. मी आले... आता हळूहळू... खाली."

काहीच नाही.

मग हात उतरायला लागला. धप्पकन नाही. हळूहळू. एकेक रेघ. बाविसावी, एकविसावी... कमरेपर्यंत आला, आणि वरचा गार पंजा नव्हता.

दोऱ्याची पेन्सिल तिच्यासमोर हलत होती. इकडून तिकडे. इकडून... तिकडे.

रेघ ओढायला हवी होती. तिला कळत होतं. पण तुम्ही ओढली असती? तिने डाव्या हाताने कडी काढली आणि पळाली. पुली तिथे, स्टूल तिथे, फोन तिथे, एक चप्पल तिथे.

नऊ पंचवीसला माझ्या दारात. मी दार उघडलं ते हसतच. मग तिचा चेहरा बघितला.

...

काय गं लांबोडी? उशी सोड ती, फाटेल.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. माझा खांदा जाऊ दे, गल्लीतल्या सगळ्या कमरा बोंबलायला लागल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "काका, पेशंटला हात लावला की माझे हात गार पडतात. 'थांबू नका' म्हणवत नाही, आणि 'थांबा' तर तोंडातून फुटतच नाही. टेबल विकते, मशीन विकते. कुठेतरी कागद लिहायची नोकरी बघते." आई अंथरुणावर, घर हिच्या हातांवर चाललेलं. आणि ही हातच विकायला निघाली होती म्हणा ना.

इकडे मी भिंत घेतली. पेन्सिल दोऱ्यासकट कचऱ्यात टाकली. रेघा घासल्या, पुट्टीची लांबी भरली, वरून दोन हात पांढरा रंग. खालचा मी, वरचा जोडीदाराने. आरशासारखी भिंत.

चौथ्या दिवशी दार उघडलं तर कडीशेजारी, बरोबर कडीच्या उंचीवर, पेन्सिलीची एक रेघ.

पुसली. रंग मारला. दुसऱ्या दिवशी परत. जोडीदार म्हणाला, आपण येत नाही उद्यापासून.

मी विचार केला, आयुष्यभर खोड्या केल्या आणि नाकारल्या. एखादी न केलेली कबूल करून बघू. पोरीची भीती गेली तर दवाखाना उघडेल. मेली तर माझी अब्रू मरेल, ती कुठे जिवंत आहे? दोन मार्चला, सोमवारी, भरदुपारी तिला त्या घरात बोलावलं. येता येत नव्हती. ओढून आणली.

"हे बघ," म्हटलं, "ही रेघ मी ओढलीय. आणि त्या रात्रीही मीच होतो. मागच्या दाराने आत आलो. टकटक मी केली. तुझ्या मागे उभा राहून तुझा हात धरून वर नेला तोही मीच. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून आलो होतो. म्हाताऱ्याची खोडी. मार दोन, पण दवाखाना उघड."

"म्हणजे आजोबा, खरंच तुम्हीच..."

गप्प बस गं लांबोडी. ऐक.

ती रेघेकडे बघत राहिली. बराच वेळ. मग खांद्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली, त्या रेघेपुढे तारीख घातली. अकरा फेब्रुवारी. मला वाटलं, जमलं. मी हसलो.

आणि मग तिने माझा उजवा हात मनगटाशी धरला. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने कुणाला हात लावला. हात गरम होता तिचा. दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून ती माझा हात वर न्यायला लागली, रोजच्यासारखी, हळूहळू. "साठ... सत्तर... ऐंशी..."

"आई गं!" मी ओरडलो.

"बस," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्या आवाजात. माझा हात तसाच धरून तिने एकदा कडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, तुमचा हात इथे संपतो. मग माझ्या हातावर हात ठेवून कडीच्याही वर कोण गेलं?"