उलटा चाललेला वाघ

सातवा चमचा उचलताच पुण्याच्या गृहस्थांचा हात थबकला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या राहीबाईच्या हातातला तांब्या हिंदकळून पाणी तिच्या पायांवर सांडले...

पहिले सहा चमचे त्यांनी भराभर पाहून उजव्या हाताला ठेवले होते. हा सातवा मात्र त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, डोळ्याचे भिंग काढून पुसले, पुन्हा लावले. राहीबाई पाणी द्यायला पुढे झाली आणि तशीच मागे सरली. सकाळपासून तिचे हेच चालले होते. आमटी चुलीवर चढवायची आणि लगेच उतरवायची, दाराशी यायचे आणि काही विसरल्यासारखे आत जायचे. एकोणीस वर्षे ज्या दिवसाच्या धास्तीने ती धड झोपली नव्हती, तो दिवस आज भिंगारच्या या दोन खोल्यांत सतरंजीवर येऊन बसला होता.

तिचे सासरे गहिनीनाथ म्हणजे कॅम्पातल्या मेसमध्ये चांदीच्या भांड्यांना उजळा देणारे. तीस वर्षे त्यांनी काटेचमचे घासले. सत्तेचाळीस साली साहेबाचे बिऱ्हाड घाईने विलायतेला निघाले, तेव्हा मडमेने बारा मोठ्या चमच्यांची पेटी त्यांच्या हाती दिली, माणूस पाठवून मागवून घेईन म्हणाली. बाराच्या बारा परत देईन, असा शब्द त्यांनी दिला. दुसऱ्याची ठेव म्हणून दसऱ्याच्या उजळ्याखेरीज त्यांनी तिला बोट लावले नाही. पाचेक वर्षांतच डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, तशी किल्ली सुनेच्या कमरेला गेली आणि दर दसऱ्याला उजळा द्यायचे कामही तिच्याकडे आले. मडम कधीच वारली. पण आता, बाहत्तर साली, तिच्या लेकीला आईच्या कागदांत यादी सापडली आणि तिने जुन्या चांदीची पारख असलेल्या या गृहस्थांना पाठवले. पंचवीस वर्षांनी आपला शब्द पुरा होणार म्हणून म्हातारा सकाळीच धुवट फेटा बांधून बसला होता.

"बाबा, तुम्हाला खुणा ठाऊक असतीलच," उरलेले पाच चमचेही उजेडात पाहून गृहस्थ सावकाश म्हणाले. "दांडीमागं चार शिक्के. सिंह, म्हणजे चांदी खरी. बिबट्याचं तोंड, म्हणजे माल लंडनचा. अक्षरावरून साल कळतं. आणि हे राणीचं मस्तक, कर भरल्याचं."

"आमी त्याला मांजर म्हनायचो, बिबट्याला," गहिनीनाथ हसले. "आन् सिंहाला वाघ."

"तो सिंह नेहमी डावीकडं चालतो. या सहा चमच्यांवर तो उजवीकडं चाललाय. अक्षर आरशात दिसावं तसं उलटं उमटलंय. टोकाच्या शिंपल्याची नक्षी हुबेहूब आहे, पण धातू जर्मन सिल्व्हर. वर चांदीचं पाणी दिलंय." त्यांनी सहा चमचे डाव्या हाताला सारले. "हे त्या पेटीतले नव्हेत."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले. त्यांचा धाकटा मुलगा सूर्यभान भिंतीला टेकून बसला होता, तो ताडकन उठला. राहुरीला विद्यापीठात तो कारकून होता, मुद्दाम रजा टाकून आला होता.

"किल्ली कोणाकडं असते?" तो म्हणाला. "वहिनी, मी तुम्हाला विचारतोय."

तुम्हाला... दहा वर्षांचा असताना सासू वारल्यावर राहीबाईचाच पदर धरून वाढलेला हा पोर. उभ्या आयुष्यात त्याने तिला 'तू' शिवाय हाक मारली नव्हती. चोरीचा आळ एकवेळ तिने झेलला असता, पण त्या एका शब्दाने तिच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

"माझ्याकडं," ती म्हणाली.

"मग सहा चमचे कुठं गेले?"

सांगायला किती सोपे होते! त्रेपन्न साली पंधरा वर्षांचा सूर्यभान रक्त ओकत होता. डॉक्टरांनी क्षय सांगितला, तीन महिने रोज एक सुई आणि ती सुई बाहेरून विकत आणायची. गहिनीनाथ दवाखान्यात लेकाच्या उशाशी बसून होते. तिचा नवरा रंगनाथ, घरातला थोरला, बापाच्याच हाताखाली मेसमध्ये उजळा देणारा, दोन दिवस येरझारा घालत राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यापुढे हात पसरला, 'किल्ली दे.' अण्णा न्हाई म्हननार न्हाईत, तो म्हणाला होता, पण शब्द मोडून ते जगायचे बी न्हाईत. मग ते पाप मलाच करू दे. वडिलांना आणि भावाला सांगितले, सुया सरकारातून फुकट मिळाल्या. आठ वर्षांपूर्वी तो गेला. जाताना तिच्याकडून वचन घेऊन गेला, की सूर्यभानला कधी कळू द्यायचे नाही. त्याला आपला जीव ओझं वाटायला नको.

आता खरे बोलावे तर मेलेला नवरा बापाच्या नजरेत चोर ठरतो, आणि गप्प बसावे तर... तर काय, ती मनात म्हणाली, माझे कोण आहे मागे रडायला?

"मी मोडले," राहीबाई म्हणाली. "मला हौस हुती दागिन्याची. केला, मोडून खाल्ला."

"हौस?" सूर्यभानचा आवाज फाटला. "अण्णांनी पंचवीस वर्षं ज्याला हात लावला नाही... मी यापुढं तुमच्या हातचं पाणी पिणार नाही. अण्णांना मी आजच राहुरीला नेतो. तुम्ही तुमचं माहेर बघा."

ती ओल्या पायांनी आत वळली, खुंटीवरचे लुगडे काढले, परत ठेवले, परत काढले. तिसगावला माहेरी भाऊ नव्हता, आईबाप नव्हते. तिथे कोणाच्या दारात उभे राहायचे, हेही तिला सुचेना.

"दे हिकडं," बाहेरून गहिनीनाथांचा आवाज आला. "त्यातला एक दे माझ्या हातात."

गेल्या वर्षीच त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. जाड भिंगांचा चष्मा त्यांनी चमच्याला जवळजवळ चिकटवला. मग चष्मा काढून ठेवला आणि नुसता अंगठा शिक्क्यांवरून फिरवला. एकदा, दोनदा... पुन्हा पुन्हा.

"साहेब, सोनार ठसा कसा कोरतो?"

"उलटा. म्हणजे उमटताना सुलटा येतो."

"आन् ह्यो ज्यानं कोरला त्याला ते ठावं नव्हतं. त्यानं जसा वाघ बघितला तसाच कोरला, म्हनून उमटला उलटा." म्हाताऱ्याने चमचा मांडीवर ठेवला. "सोनाराच्या हातनं ही चूक व्हायची न्हाई. पर उजळा देनाऱ्यानं जल्मभर शिक्का नुसता पुसलेला असतोय, कधी मारलेला नसतोय... राहीबाई, भाईर ये. रंगनाथनं केलं ना हे?"

ती दारातच खाली बसली. खोटे बोलायला तोंड उघडले आणि हुंदका बाहेर पडला.

"सोनार म्हनला, चमचे करून देतो, पर दुसऱ्याचा शिक्का मी मारायचा न्हाई," ती रडत म्हणाली. "म्हनून यांनी मोळ्याचं टोक घासून सोता ठसा कोरला, तीन दिस लागले. सहा बी मारून झाल्यावर यांच्या ध्यानात आलं. राही, वाघ उलटा चालला, म्हनले. मी म्हनलं, कुठंबी चालंना का, पोरगं दवाखान्यातनं घरी चाललंय ना..."

पुढे बोलायची गरजच उरली नाही. सूर्यभान आधी वडिलांकडे, मग त्या सहा चमच्यांकडे पाहत राहिला. त्याचा हात नकळत आपल्या छातीवर गेला. मग तो भिंत धरत धरत तिच्यापाशी आला आणि पोरासारखा तिच्या पायांशी बसला.

"वहिनी, मी तुला चोर म्हणालो."

"मीच म्हनवून घेतलं, रे. ऊठ, पावनं बसलेत."

गृहस्थांनी घसा खाकरला. "मला त्या बाईंना कळवावं लागेल, सहा कमी कसे. कोणाचं नाव घालू?"

"माझं घाला," राहीबाई म्हणाली.

"तिचं कशापायी? शब्द मी दिल्ता," गहिनीनाथ म्हणाले. "लिवा, गहिनीनाथ खोटा निघाला."

सूर्यभानने दोघांनाही हाताने थांबवले. गृहस्थांपुढचा कागद त्याने ओढून घेतला आणि रोज शेकडो अर्ज खरडणारा तो कारकून कितीतरी वेळ पेन टेकवूनच बसला. मग लिहू लागला. राहीबाईला अक्षर येत नव्हते. ती नुसती त्याच्या हाताकडे पाहत होती.

"काय लिवलंस?" म्हाताऱ्याने विचारले.

सूर्यभान वाचू लागला. "आपल्या मातोश्रींच्या ठेवीपैकी सहा चमचे माझ्या आजारपणात मोडले गेले. मी त्यांच्यावर जगलो. ही ठेव माझ्या वडिलांनी मोडली नाही आणि माझ्या वहिनीनेही मोडली नाही. माझ्यासाठी हे करणारे माझे थोरले बंधू, कैलासवासी रंगनाथ..."

तिथे त्याने कागद खाली घेतला. एकोणीस वर्षांत त्या कामासाठी ते नाव या घरात कोणी उच्चारले नव्हते. राहीबाईने पदराने डोळे पुसले आणि नीट मांडी घालून बसली.

"पुढं वाच," ती म्हणाली.