अडीच सेकंद आधीचा बाण

नाशिकच्या शार्दूल नावाच्या पोराला बोलायची रीत नाही. वय वर्षं तेरा, जीभ वर्षं तीस. ज्या पोरीला उभ्या जन्मात कधी भेटला नाही, तिला तो म्हणतो, "उर्वी, तू आमच्या टीमला लागलेला गंज आहेस." गंज! माझ्या नातीला! हे त्यानं तिच्या कानात म्हटलं असतं तर मला कळलंही नसतं. पण त्या वेळी मी भिंतीवरच्या पडद्यावर तिच्याशी बोलत होते आणि तिचा खेळ शेजारी चालू होता, म्हणून ते माझ्या कानावर पडलं.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढं गोंधळ नको. मी मिरजेची इंदुमती. चौथी शिकले आणि बत्तीस वर्षं खानावळ चालवली. माझी लेक सुनंदा चंद्रतळावर (चंद्राच्या जमिनीखाली बांधलेली वस्ती) मातीशिवाय भाजी पिकवते. तिची पोरगी उर्वी दहा वर्षांची. लेक तिकडं गेल्यावर मला कुणीतरी सांगितलं की इंदू म्हणजे चंद्र आणि उर्वी म्हणजे पृथ्वी. म्हणजे चंद्र बसलाय मिरजेत आणि पृथ्वी जाऊन बसलीय चंद्रावर. आमच्या घरात काहीच जागेवर नसतं.

चंद्रतळावर मोठी माणसं चाळीस आणि मूल एकच. उर्वीला खेळायला दुसरं पोर नाही. म्हणून ती 'नवलगड' खेळते. हा भूमिकाखेळ आहे (ज्यात प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं आणि ठिकठिकाणच्या माणसांनी एकाच गावात एकाच वेळी खेळायचं). तिच्या टीममध्ये हा शार्दूल कॅप्टन, कराडची दोन जुळी भावंडं आणि ती. एवढेच तिचे सवंगडी.

"काय झालं गं?" मी विचारलं.

एक, दोन, अडीच. मग उत्तर आलं. हे तिचं नेहमीचंच. काही विचारा, आधी ढिम्म बघत राहणार.

"माझे बाण उशिरा जातात आजी. दोन आठवड्यांनी, रविवारी शेवटची संधी. नाही जमलं तर माझ्या जागी शार्दूल त्याच्या टोरंटोच्या मामेभावाला घेणार."

"मग लवकर मार की! आणि मलाही जरा लवकर उत्तर देत जा. किती वेळा सांगितलं, मोठ्यांनी विचारलं की असं ताटकळत ठेवू नये."

तिचे डोळे भरले. मग मी ठरवलं. त्या पोराला त्याच्या गावात जाऊन गाठायचं. ते गाव खेळात असलं म्हणून काय झालं!

दुसऱ्या दिवशी उर्वीनं मला खेळाचा चष्मा लावायला शिकवलं. डोळ्यांसमोर हिरवंगार माळरान आलं आणि एक गोड आवाज म्हणाला, "स्वागत असो! आपला वर्ग कोणता?"

आता शाळा काढायचं काय कारण होतं? पण मी खोटं बोलत नाही. ताठ मानेनं सांगितलं, "चौथी."

"चौथा वर्ग निवडला आहे. आपण आता आचारी आहात." आणि माझ्या हातात पळी आली.

अडीच सेकंदांनी चंद्रावरून खिदळल्याचा आवाज आला. "आजी, वर्ग म्हणजे शाळेतला नाही! पहिला योद्धा, दुसरा धनुर्धर, तिसरा वैद्य, चौथा आचारी. आचारी कुणीच घेत नाही!"

"कुणी घेत नाही म्हणून तर जग उपाशी आहे," मी म्हटलं आणि पुढं निघाले.

पहिल्याच दिवशी मला एका कोंबडीनं मारलं. मला! मी तिला नुसतं "हुश्श" केलं, तर तिनं टोचून टोचून माझा जीव घेतला आणि मी पुन्हा गावाच्या वेशीवर उभी. तीन वेळा मेले. चौथ्या खेपेला उर्वीनं सांगितलं की नवख्या माणसानं आधी छोटी कामं करायची असतात. त्यातून अनुभवगुण (खेळातली शिकवण मोजायची खूण) मिळतात आणि मग आपण हळूहळू बळकट होतो. हे मला पटलं. माझ्या खानावळीतही नवी बाई थेट पुरणाला बसत नसे, आधी लसूण सोलायची.

मग वाण्याकडं कांदे आणायला गेले. म्हटलं, "कसं काय, बरं आहे ना?" तो म्हणाला, "नमस्कार प्रवासी, आजचा कांदा ताजा आहे." म्हटलं, "घरी सगळे बरे?" तो म्हणाला, "नमस्कार प्रवासी, आजचा कांदा ताजा आहे." मी त्याला चांगला पाच मिनिटं फैलावर घेतला. तरी कांदा ताजाच. शेवटी उर्वी म्हणाली, "आजी, तो यंत्रपात्र आहे (माणूस नव्हे, ठरलेलं वाक्य बोलणारं चित्र)." माझे एक काका असेच होते, पण त्यांचा कांदा ताजा नसे.

कबूल करायला लाज वाटते, पण चार दिवसांत मला तिथं करमायला लागलं. मी वेशीपाशी चूल मांडली. माझं पिठलं खाल्लं की खेळाडूची ताकद दुपटीनं भरते, हे गावभर झालं. कुठल्या कुठल्या पोरांची रांग लागायची. दुपारची झोप गेली. शार्दूलला झापायचं तेवढं राहून गेलं.

तो मात्र आपणहून आला, पिठल्याच्या वासानं. झगमगीत चिलखत, खांद्यावर भाला. "तुम्ही उर्वीच्या आज्जी ना? रविवारी आमच्याबरोबर गुहेत याल का? घुमाक्ष राक्षस फार मार देतो, आम्हाला खायला लागतं."

"येईन. पण माझी नात टीममध्ये राहिली तर."

"आज्जी, ती चंद्रावरून खेळते हे मला माहीत आहे. पण माझा मामेभाऊ कॅनडातून खेळतो, त्याला कुठं उशीर होतो? तिचं लक्षच नसतं."

मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण पोरगं बोलत होतं ते माझंच वाक्य होतं. माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याला फोनवर "जेवलास का" विचारलं की तो पटकन "हो" म्हणतो. मग चंद्रावरचीच पोरगी का अडते? हे कोडं मी कधी सोडवलं नव्हतं. सरळ पोरीलाच दोष देऊन मोकळी झाले होते.

चष्मा काढून मी आधी उर्वीला पडद्यावर बोलावलं. "हे बघ, मी टाळी वाजवते. तुला दिसली की त्याच क्षणी तू वाजव. लबाडी नको."

मी टाळी वाजवली. एक, दोन, अडीच. तिची टाळी आली. दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा अडीच. लक्ष नसलेल्या पोराचा उशीर कधी एकसारखा असतो का? कधी दोन लागतील, कधी पाच. हा उशीर मात्र मापून कापल्यासारखा होता.

"आता सांग, मधे कोण अडवतं?"

"कुणीच नाही आजी, अंतर अडवतं. तुझा आवाज, तुझं चित्र प्रकाशाच्या वेगानं येतं. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो."

"मग वेगवानच आहे की!"

"खूपच. एका सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या होतील. म्हणून अमेरिकेतलं उत्तर लगेच आल्यासारखं वाटतं. पण चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्याही पुढं आहे. तुझी टाळी इथं यायला सव्वा सेकंद आणि माझी तिकडं जायला सव्वा सेकंद."

"अडीच," मी म्हटलं. "मग त्या प्रकाशाला जरा दामटा. तुमचे शास्त्रज्ञ काय करतात दिवसभर?"

एक, दोन, अडीच. "नाही दामटता येत. त्याच्यापेक्षा वेगानं कुठलाच निरोप जात नाही. आजी, तू गच्चीवरून चंद्र बघतेस ना, तोही सव्वा सेकंद शिळा असतो. आणि सूर्य तर आठ मिनिटं शिळा."

माझ्या खानावळीत मी कधी शिळं वाढलं नाही, आणि हे आभाळ सगळं शिळंच वाढतंय!

मग मी विचारलं की खेळात नक्की काय होतं. तिनं सांगितलं ते असं. खेळाचा सर्व्हर (सगळ्या खेळाडूंच्या हालचाली गोळा करून, आधी काय घडलं नि मग काय, ते ठरवणारा मोठा संगणक) पृथ्वीवर आहे. राक्षस हलला की ते उर्वीला सव्वा सेकंदानं दिसतं. तिनं बाण सोडला की ते सर्व्हरला आणखी सव्वा सेकंदानं कळतं. तोवर राक्षस दुसरीकडं.

"म्हणजे तू बाण मारतेस तो राक्षस निघून गेलेल्या जागेवर," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "हो. आणि मी कितीही पटापट बोटं चालवली तरी."

पोरांनो, मी तिला आजवर किती वेळा ओरडले होते ते मला आठवलं. ते इथं लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही. मी तिची माफी मागितली, एवढंच सांगते.

"उर्वी, तू बोटं पटापट चालवूच नकोस," मी म्हटलं. "माझं ऐक. भाकरी थापून, भाजून ताटात पडायला वेळ लागतो. तो वेळ काही मला कमी करता येत नाही. तव्याला घाई कळत नाही. मग मी काय करायची? ताट रिकामं व्हायची वाट बघायची नाही. माणसानं शेवटचा चतकोर हातात घेतला की मी पुढची भाकरी थापायला घ्यायची. त्याचा घास संपायला आणि गरम भाकरी पडायला एक गाठ. लोक म्हणायचे, आक्कांना मनातलं कळतं. मनातलं कसलं? मला तव्याचा वेळ पाठ होता."

अडीच सेकंदांनी तिचे डोळे चमकले. "म्हणजे राक्षस आहे तिथं नाही, तो अडीच सेकंदांनी असेल तिथं!"

आम्ही आठवडाभर सराव केला. खेळातल्या गावात झाडाला एक घागर टांगली, मी तिला झोका द्यायची आणि उर्वी बाण मारायची. पहिल्या दिवशी घागर शाबूत आणि माझं लुगडं बाणांनी भरलेलं. पण घागर हेलकावे खाते ते ठरल्या तालानं. तो ताल एकदा कानात बसला की पुढचा हेलकावा न बघताही कळतो. याला शास्त्रात पूर्वानुमान म्हणतात (आतापर्यंत काय झालं त्यावरून पुढं काय होईल ते आधी ताडणं). शनिवारपर्यंत दहात आठ घागरी फुटल्या.

रविवारी गुहेत शिरलो. घुमाक्ष म्हणजे डोंगराएवढा एकडोळ्या. डोळा बंद असताना त्याला काही लागत नाही, आणि डोळा उघडतो जेमतेम पाव सेकंद. शार्दूल म्हणाला, "भाला मी टाकणार. डोळा उघडला की दिसतंच, दिसलं की मारतो. तीन वेळा चुकलं तर गुहेतून बाहेर. उर्वी, तू मधे येऊ नकोस."

डोळा उघडला, शार्दूलनं भाला फेकला, डोळा मिटला, भाला पापणीवर आपटून खाली. पुन्हा तेच. राक्षसानं सगळ्यांना झोडपलं. मी पिठलं वाढत पळतेय, जुळी भावंडं "आज्जी, मला! आज्जी, मला!" ओरडताहेत.

"माझं काय चुकतंय?" शार्दूल रडवेला झाला. पहिल्यांदा तेरा वर्षांचा वाटला.

"डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातोच रे," मी म्हटलं. "उशीर तुलाही आहे. तुझा लहान आहे म्हणून तुला तो दिसत नाही. आता गप्प राहा आणि त्याचे पाय ऐक."

राक्षस पाय आपटत होता. ढम, ढम, ढम, ढम आणि मग डोळा. चार ढम, पाचव्याला डोळा. दर सेकंदाला एक.

"उर्वी, पाचव्याला उघडतो. बघ तुझं गणित." मी एवढंच बोलले. ते तिला सव्वा सेकंदानं पोचणार होतं.

आम्ही वाट पाहिली. एक, दोन, अडीच. मग तिचा आवाज आला. "दुसऱ्या ढमपासून डोळ्यापर्यंत तीन सेकंद, त्यातले अडीच वाटेतच जातात. माझ्याकडं दुसरा ढम झाला की अर्धा सेकंद थांबून सोडते. शार्दूल, मी सोडू?"

शार्दूलनं माझ्याकडं बघितलं. शेवटची संधी होती आणि ती त्याची होती. त्यानं भाला खाली ठेवला. "सोड," तो म्हणाला.

ढम, ढम, ढम, ढम. डोळा मिटलेलाच होता आणि बाण सुटला. जुळ्यांतला एक किंचाळला, "आधीच सुटला!" त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत डोळा उघडला आणि बाण आत गेला.

घुमाक्ष असा कोसळला की माझ्या पिठल्याचं पातेलं उलटलं. मी, कराडची पोरं, सगळे नाचत होतो, आणि चंद्रावर अजून काहीच झालेलं नव्हतं! सव्वा सेकंदानं तिला दिसलं आणि आणखी सव्वा सेकंदानं तिची आरोळी आम्हाला ऐकू आली. मग आम्ही पुन्हा नाचलो. एका विजयाचा दोनदा आनंद आणखी कुणाला मिळतो?

नंतर उर्वी सांगत होती की चंद्रावरची यंत्रं पृथ्वीवरून चालवणारी माणसंही असंच आधी ताडून चालवतात. आणि मंगळावर वस्ती झाली की तिथला निरोप यायला कधी तीन मिनिटं लागतील, कधी वीसच्याही वर. तिला मोठेपणी तिकडं जायचंय. तेव्हा कसं खेळायचं याचा विचार ती आतापासून करतेय. मीही करतेय. वीस मिनिटांत तर अख्खी पंगत उठते.

पण त्या दिवशी गुहेत, आम्ही नाचून थांबलो तोच शार्दूल पुढं आला, भाल्यावर रेलून म्हणाला, "ठीक आहे आज्जी. उर्वीला मी टीममध्ये ठेवतो."

तेव्हा मी पळी खाली ठेवली, पदर खोचला, आणि इतके दिवस राहिलेलं बोलून घेतलं.

"तू ठेवणारा कोण रे? हात तुझा चपळ आहे आणि भाला खाली ठेवलास तेव्हा मन मोठं केलंस, ते मी पाहिलं. पण माणूस उशिरा आला की त्याला गंज म्हणायच्या आधी विचारावं, बाबा, किती लांबून आलास? मी म्हातारी असून विचारलं नाही, तशी तूही चूक केलीस. मी तिची माफी मागितली, आता तू माग. आणि मागून झाली की लगेच पुढची बडबड सुरू करू नकोस. तिचं उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढा वेळ तोंड मिटून उभा राहिलास, तर मी तुला कॅप्टन म्हणेन."