हॉर्नची वायर

त्या सकाळी प्रेमदास भाजी न्यायला आला नाही, म्हणून जुनी गाडी बाहेर काढावी लागली. एवढंच निमित्त.

देवळीच्या थोडं अलीकडे आमची भाजीची वाडी आहे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे आम्ही जुड्या बांधायच्या आणि प्रेमदासनं त्या सायकलवर लादून बाजारात न्यायच्या, असं माझ्या लग्नाआधीपासून चालत आलेलं. एकटा माणूस. लेक हिंगणघाटला दिलेली. मनात आलं की कुणाला न सांगता तिच्याकडे निघून जायचा. तसाच गेला असेल, असं सगळ्यांनी धरलं. कोणी शोधायला गेलं नाही.

टोपल्यातला पालक उन्हं चढली तसा माना टाकायला लागला. माझे यजमान, नीरज, गोठ्यात गेले आणि अण्णाजींच्या मोटरसायकलवरची ताडपत्री त्यांनी ओढून काढली.

अण्णाजी म्हणजे माझे सासरे. याच गाडीवरून गेले. शेतांमधून जाणाऱ्या पांदणीत, नाल्यावर एक रपटा, बिनकठड्याचा ठेंगणा पूल आहे, तिथून गाडीसकट खाली पडले आणि रात्रभर तिथंच राहिले. जीव केव्हा गेला ते कळलंच नाही. पुढे डांबरी रस्ता झाला, पांदण ओस पडली. गाडी मात्र आणून गोठ्यात उभी केली होती. सासूबाई त्या कोपऱ्यातला झाडूसुद्धा माझ्याकडून मारून घ्यायच्या.

नीरजनं आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलंय. विजेच्या कामात त्यांचा हात बसलेला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्यांनी बदलल्या, हिरवे पडलेले जोड घासले, नवी बॅटरी बसवली. दुपार कलता कलता गाडी किकवर सुरू झाली. दिवा लागला, हॉर्न वाजला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं.

दिवस बुडायच्या वेळी मी भाकरी थापत होते. गोठ्यात हॉर्न वाजला.

लांब. मग थांबला, माणसानं दम घ्यावा तेवढा. मग पुन्हा लांब.

मला वाटलं, हेच काही करत असतील. पण नीरज माझ्या मागेच पाटावर बसले होते, आणि गाडीची चावी समोरच्या खिळ्याला लटकत होती.

ते टॉर्च घेऊन गेले. तोवर आवाज थांबला होता. परत येऊन मला समजावलं, की हॉर्नची वायर हँडलपाशी सोलली गेली असेल, लोखंडाला टेकली की हॉर्न वाजतो, आणि चावीचा स्विचही जुनाच आहे, तो आतून चिकटला असेल. पटलं मला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हँडलपासून खालपर्यंत वायर तपासली. एका जागी खरंच सोललेली होती. तिला टेप गुंडाळला, स्विच बदलला, आणि खात्रीला म्हणून फ्यूजही काढून खिशात घातला.

त्या संध्याकाळी हॉर्न पुन्हा वाजला.

आम्ही दोघंही गोठ्याच्या दारात उभे होतो. गाय दावं ताणून भिंतीला चिकटली होती. गाडीजवळ कोणी नव्हतं. नीरजनं पुढे होऊन बॅटरीची दोन्ही टोकं सोडवली, बॅटरी उचलली आणि बाहेर अंगणात आणून ठेवली. त्यांच्या हातात ती होती तेव्हाही मागे हॉर्न वाजतच होता. आवाज फक्त बारीक झाला होता. लांब... मग दम... मग लांब.

आमच्या मागे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. मला वाटलं, आता रडतील. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"हे तुह्या बाबाचं नाई," त्या हळूच म्हणाल्या. "ते दोनदा वाजवत. टूक-टूक. हे कोनी दुसरंच दाबून राह्यलं..."

नीरजनं गोठ्याचं दार ओढून घेतलं. रात्री त्यांना झोप लागली नाही, मलाही नाही. सकाळी उठून त्यांनी पक्कड घेतली आणि हॉर्नच्या दोन्ही वायरी मुळापासून कापून टाकल्या. सासूबाईंनी अडवलं होतं. वायर तोडून काय होते, कोण बोलावते ते आधी पाहा, असं त्या म्हणत होत्या. नीरजनं ऐकलं नाही. घरात भीती शिरली की ती आधी बाहेर घालवावी, असंच कोणालाही वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघंही गोठ्यात गेलो. हॉर्न वाजला नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्याच्या पत्र्यातून बारीक टकटक ऐकू आली. नखानं वाजवावं तशी. मी वाकून कान नेला. टकटक... मग बराच वेळ काही नाही... मग एकदाच, टक.

मग तीही थांबली.

"झालं बंद," नीरज म्हणाले.

सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी अंगणात येऊन लेकाला एवढंच सांगितलं, "ज्या वाटेनं ते गेलते, त्या वाटेनं एकडाव जाऊन ये. मले दुसरं काई नको."

आईचा शब्द म्हणून नीरजनं फ्यूज परत घातला, बॅटरी जोडली. मी मागे बसले. भर दुपार होती, तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पांदणीत बोराट्या माजल्या होत्या, त्यांचे काटे साडीला ओढत होते. रपट्यावर पोचलो आणि गाडी एकदम बंद पडली. किक मारून पाहिली, मेली होती. फ्यूज पाहायला नीरज खाली वाकले.

मला वास आला. कुजलेल्या सांबाराचा.

"अहो," मी म्हणाले, "खाली... सायकल आहे."

प्रेमदास नाल्यात पडलेला होता. कंबरेवर सायकल, बाजूला आदल्या दिवशीच्या बाजारातून न खपता परत आणलेल्या, विस्कटलेल्या जुड्या, तोंडापासून हातभर अंतरावर पाण्याची बारीकशी धार वाहत होती. डोळे उघडे, वर रपट्याकडे लागलेले. नीरजनं त्याला हाक मारली, मग छातीला कान लावला. मी पाय धरून पाहिला. थंड होता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांना आमचं काहीच ठाऊक नव्हतं. कंबर मोडली होती, पण जीव लगेच गेला नाही, असं त्यांनी सांगितलं. काल संध्याकाळपर्यंत तो जिवंत असावा.

"परवा जरी सापडला असता, तरी..." म्हणाले, आणि नीरजच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

हिंगणघाटहून लेक आली. बाप आपल्याकडे आलाच नव्हता, हे ती सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. प्रेताला अंघोळ घालायला नीरज बसले होते. घरी आले ते सरळ न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ हात धुत राहिले. मी टॉवेल घेऊन उभी राहिले तेव्हा बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

प्रेमदासच्या डाव्या हाताचा अंगठा काळानिळा पडला होता. पेरावरची कातडी घासून गेलेली, नखाखाली रक्त साकळलेलं. आणि मांसात एक गोल खोल ठसा उमटला होता, बटण बराच वेळ जीव खाऊन दाबून धरावं तसा.

त्याच्या सायकलला साधी घंटीसुद्धा नव्हती.